मुक्या जिवांची माउली

मराठ्यांच्या इतिहासाची पाने बहुतेक रणवाद्यांच्या घोषाने भरलेली आहेत. गड सर केल्याच्या, दूरदूरचे मुलूख जिंकल्याच्या आणि रणांगणावर देह ठेवल्याच्या कथा त्यांत जागोजाग आढळतात. परंतु याच इतिहासात एक पान असेही आहे की, ज्यावर तहानलेल्या बैलाला पाणी पाजणारा सेवक दिसतो, भरल्या शेतात निर्भयपणे दाणे टिपणारी पाखरे दिसतात आणि थंडीने काकडणाऱ्या गरिबाच्या अंगावर घातलेले पांघरूण दिसते. हे पान अहिल्याबाई होळकर यांच्या चरित्राचे होय. त्या एका वीराच्या पत्नी होत्या, दोन मुलांच्या आई होत्या आणि अठ्ठावीस वर्षे माळव्यातील एका मोठ्या राज्याच्या कारभारीण होत्या. त्यांच्या वाट्याला दुःखे तर इतकी आली की, त्यांतील एकानेही सामान्य मनुष्य कोलमडून पडावा. तथापि त्या दुःखांनी त्यांचे मन कठोर झाले नाही. घरातील माया करण्याची माणसे एकेक करून निघून गेली, तशी त्यांची माया घराबाहेर पसरत गेली आणि अखेर ती पशुपक्ष्यांपर्यंत जाऊन पोहोचली.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या लहानशा गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. त्या काळी मुलींना लिहिणेवाचणे शिकविण्याची रीत नव्हती. तरीही माणकोजींनी आपल्या मुलीला अक्षरओळख करून दिली, असे सांगतात. घर शेतकऱ्याचे होते. शेतकऱ्याच्या घरी गाईबैल ही केवळ मालमत्ता नसते. ती घरातली माणसेच असतात. त्यांच्या पोटाला घातल्यावाचून घरच्यांनी घास घेऊ नये, हा संस्कार अशा घरात न शिकविताच मुलांच्या मनावर होत असतो.

एकदा सुभेदार मल्हारराव होळकर आपल्या फौजेसह चौंडीजवळून जात असता त्यांनी या मुलीला देवळात पाहिले. तिचे शांत वागणे आणि चेहऱ्यावरील सात्त्विक तेज पाहून त्यांनी तिला आपली सून करून घेण्याचे मनात आणले, अशी कथा आहे. मल्हारराव हे स्वतः गरिबीतून वर आलेले होते. लहानपणी मामाच्या घरी राहून त्यांनी मेंढरे राखली होती आणि पुढे तलवारीच्या बळावर ते माळव्याचे सुभेदार झाले होते. माणसाची पारख त्यांना उत्तम होती. १७३३ साली त्यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी अहिल्याबाईंचा विवाह झाला, त्या वेळी त्या अवघ्या आठ वर्षांच्या होत्या.

खेड्यातल्या पाटलाची मुलगी सुभेदारांच्या वाड्यात आली. सासूबाई गौतमाबाई यांची शिस्त कडक होती. परंतु अंतःकरण प्रेमळ होते. त्यांच्या हाताखाली अहिल्याबाईंनी घरचा कारभार शिकून घेतला. खंडेराव शूर होते. मात्र हिशेबठिशेबांत आणि राज्याच्या कामकाजात त्यांचे मन फारसे रमत नसे, असे सांगतात. अहिल्याबाईंनी कुरकुर न करता त्यांच्या संसारात मन घातले. १७४५ साली पुत्र मालेराव आणि १७४८ साली कन्या मुक्ताबाई यांचा जन्म झाला. सासूसासऱ्यांची छाया, पती आणि दोन मुले अशा भरल्या घरात काही वर्षे सुखाने गेली.

मार्च १७५४ मध्ये या सुखावर पहिला आघात झाला. भरतपूरच्या जाटांशी युद्ध चालले असता मराठ्यांनी कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घातला होता. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाईंचे वय त्या वेळी एकोणतीस वर्षांचेही पुरे नव्हते. पतीच्या मागे पत्नीने चितेवर देह ठेवावा, अशी क्रूर चाल त्या काळच्या मोठ्या घराण्यांत होती. अहिल्याबाईही सती जाण्यास निघाल्या. तेव्हा ज्यांच्या नावाने रणांगण थरारत असे, ते मल्हारराव आपल्या सुनेपुढे लहान मुलाप्रमाणे रडू लागले. मुलगा तर गेलाच. आता सूनही गेली, तर या म्हाताऱ्याने कोणाच्या तोंडाकडे पाहून जगावे, अशी त्यांनी विनवणी केली. अहिल्याबाईंनी सासऱ्यांचे दुःख पाहिले, आपल्या दोन लहान मुलांकडे पाहिले आणि मरणाचा विचार सोडून दिला. मरणाऱ्याचे दुःख एका घटकेत संपते. परंतु जगणाऱ्याला ते रोज नव्याने सोसावे लागते. अहिल्याबाईंनी हा अधिक कठीण मार्ग पतकरला. त्या दिवसापासून त्यांनी अंगावर साधे पांढरे वस्त्र धारण केले ते कायमचे.

यापुढे मल्हाररावांनी सुनेला मुलाच्या ठायी मानले. स्वतः मोहिमेवर असताना पैशाची व्यवस्था, तोफा व दारूगोळा यांची जमवाजमव, पत्रव्यवहार अशी कामे ते अहिल्याबाईंवर सोपवू लागले. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा दारुण पराभव झाला आणि त्याच वर्षी गौतमाबाईही निवर्तल्या. पुढे २० मे १७६६ रोजी मल्हाररावही आलमपूर येथे निधन पावले. सुभेदारी नातू मालेराव यांच्याकडे आली; परंतु त्यांचे चित्त स्थिर नव्हते. त्यांच्या लहरी वागण्याने निरपराध माणसांना त्रास होऊ लागला. आईच्या मनाला याच्या यातना होत. त्या मुलाला समजावीत, त्याने दुखविलेल्यांची समजूत घालीत. शेवटी मालेराव आजारी पडले, तेव्हा मुलाचे सारे अपराध विसरून त्या रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून राहिल्या. परंतु १७६७ साली, सुभेदारीला वर्षही पुरे होण्याआधी, मालेरावांचा अंत झाला.

मालेरावांविषयी एक कथा आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. त्यांच्या रथाखाली एक वासरू सापडून मेले, तेव्हा गाईचे दुःख पाहून अहिल्याबाईंनी प्रत्यक्ष आपल्या मुलाला तीच शिक्षा फर्माविली, अशी ती कथा आहे. ही लोककथा आहे. इतिहास म्हणून ती घेता येत नाही. परंतु लोक कोणाविषयी कशा कथा रचतात, हेही पाहण्यासारखे असते. वासराला मुकलेल्या गाईचे दुःखही या बाईंना स्वतःच्या दुःखाइतकेच वाटेल, असा विश्वास लोकांना वाटत होता, म्हणूनच अशी कथा जन्माला आली.

आता होळकरांच्या गादीला पुरुष वारस उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचविले की, एखादे मूल दत्तक घेऊन बाईंनी कारभारातून दूर व्हावे. अहिल्याबाईंनी यास स्पष्ट नकार दिला. तेव्हा दिवाणांच्या सांगण्यावरून पेशव्यांचे चुलते रघुनाथराव फौज घेऊन क्षिप्रेच्या काठी येऊन ठाकले. प्रसंग मोठा बाका होता. अहिल्याबाईंनी शेजारच्या मराठा सरदारांना मदतीसाठी पत्रे पाठविली आणि स्वतः लढण्याची तयारी केली. रघुनाथरावांना त्यांनी असेही कळविले की, एका स्त्रीचा पराभव करून त्यांच्या कीर्तीत भर पडणार नाही. पण तिच्याकडून पराभव झाला, तर मात्र लोकांत हसे होईल. पेशवे माधवराव यांनीही अहिल्याबाईंचाच पक्ष उचलून धरला. रक्ताचा एक थेंबही न सांडता संकट टळले. अहिल्याबाईंनी तुकोजी होळकर या विश्वासू सरदारांना सेनापती नेमले आणि मुलकी कारभार आपल्या हाती ठेवला.

राज्याची सूत्रे त्यांनी नर्मदातीरावरील महेश्वर येथून चालविली. तेथील त्यांचे राहण्याचे ठिकाण साधे होते आणि दिनक्रम कष्टाचा होता. पहाटे उजाडण्यापूर्वी त्या उठत. स्नान, पूजा, पुराणश्रवण आणि दानधर्म झाल्यावर साधे भोजन करीत. दुपारनंतर दरबारात बसत, त्या सूर्यास्तापर्यंत. सायंकाळची उपासना व फराळ आटोपला की, रात्री पुन्हा कामास बसत आणि बराच उशीर होईपर्यंत कागद पाहत. कोणाही रयतेला त्यांच्यासमोर येऊन आपले गाऱ्हाणे मांडण्याची मोकळीक असे. एकदा इंदुरातील एक धनवान सावकार निपुत्रिक वारला. त्याच्या संपत्तीचा काही भाग सरकारात घ्यावा, असे तुकोजींच्या मनात आले. सावकाराची विधवा महेश्वरी येऊन अहिल्याबाईंना भेटली. त्यांनी तिचा हक्क मान्य करून संपत्ती तिच्याकडेच राहू दिली आणि या व्यवहारात हात न घालण्याविषयी तुकोजींना बजावले. विधवेचे दुःख त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

डोंगरातील भिल्ल वाटसरूंना लुटीत असत. त्यांच्यावर केवळ तलवार चालवून बाईंना समाधान वाटले नाही. माणूस लूट का करतो, याचा त्यांनी विचार केला. आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पसा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क होता; त्यास भिल्लकवडी म्हणत. हा हक्क त्यांनी मान्य केला, भिल्लांना पडीक जमिनी कसावयास दिल्या आणि त्याबरोबर वाटसरूंच्या संरक्षणाची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. महेश्वरात त्यांनी विणकरांना आणून वसविले. आजही महेश्वरी साडी ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते, ते गाव हेच.

अहिल्याबाईंच्या दानधर्माची कीर्ती हिंदुस्थानभर पसरली होती. काशी येथील विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० साली बांधविले, सोमनाथाचे नवे मंदिर १७८३ साली उभारले आणि गया येथील विष्णुपद मंदिराचा जीर्णोद्धार १७८७ साली पुरा केला. जागोजागी घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे त्यांनी चालविली. परंतु या सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. होळकर घराण्यातील स्त्रीच्या नावे काही महालांचे उत्पन्न वेगळे तोडून दिलेले असे. त्यास खासगी म्हणत. गौतमाबाईंच्या मागे हे उत्पन्न अहिल्याबाईंकडे आले होते. त्या आपला दानधर्म या खासगीतून करीत. रयतेने कराच्या रूपाने दिलेला पैसा राज्यकारभाराचा. पुण्य जोडावयाचे ते आपल्या पदरचे खर्चून जोडावे, असा त्यांचा बाणा होता.

हाच बाणा त्यांच्या भूतदयेतही दिसून येतो. महेश्वर हे निमाड प्रांतात आहे. तेथील उन्हाळा फार कडक असतो. जमीन तापून निघते, ओढे आटतात आणि नांगराला जुंपलेल्या बैलांच्या तोंडाला फेस येतो. शेतकऱ्याला औत सोडून दूर पाणवठ्यावर जनावरे नेण्यास सवड नसते. हे जाणून अहिल्याबाईंनी अशा दिवसांत शेताशेतांवर सेवक पाठविण्याची व्यवस्था केली होती. सेवक पाणी घेऊन बांधावर येई, शेतकरी औत थांबवी आणि बैल मान खाली घालून पाणी पीत. वाटांवरही उन्हाळ्यात तहानलेल्या वाटसरूंसाठी पाणी देणारी माणसे उभी असत. थंडीच्या दिवसांत गोरगरिबांना वस्त्रे मिळत. नर्मदेतील माशांनाही बाईंकडून खाद्य पडे.

पाखरांची गोष्ट तर विशेष बोधप्रद आहे. पीक दाण्यावर आले की, पाखरांचे थवे शेतावर उतरतात. शेतकरी गोफण घेऊन राखणीस बसतो आणि त्यांना हाकलून देतो. यात त्याचा काही दोष नसतो. वर्षभराच्या घामाचे मोल पाखरांच्या चोचीत जावे, असे कोणाला वाटेल? दुसरीकडे पाखरांनाही भूक असते आणि त्यांना ना शेत ना कोठार. अहिल्याबाईंच्या मनाने दोघांचीही बाजू पाहिली. पाखरांना हाकलू नये, असा हुकूम त्या सहज सोडू शकल्या असत्या. त्यांच्या हाती सत्ता होती. परंतु त्यामुळे दयेचे श्रेय त्यांना मिळाले असते आणि तिची किंमत मात्र गरीब शेतकऱ्याला मोजावी लागली असती. म्हणून त्यांनी पैसे देऊन उभ्या पिकाची शेते विकत घेतली आणि ती पाखरांसाठी मोकळी सोडली. शेतकऱ्याच्या शेतातून हाकललेले थवे या शेतांवर येऊन उतरत आणि पोटभर दाणे टिपीत. ना शेतकऱ्याचे नुकसान झाले, ना पाखरे उपाशी राहिली.

ही हकिकत केवळ भाटांनी गायिलेली नाही. सर जॉन माल्कम नावाचे एक इंग्रज अधिकारी अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर सुमारे वीसपंचवीस वर्षांनी माळव्यात होते. बाईंना पाहिलेली पुष्कळ माणसे त्या वेळी हयात होती. त्यांच्याकडे कसून चौकशी करून माल्कम यांनी मध्य हिंदुस्थानाविषयीचा आपला ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध केला. त्यात बैलांचे पाणी, पाखरांची शेते आणि नदीतील मासे या सर्वांचा उल्लेख आहे. स्वतः अहिल्याबाईंना मात्र स्तुतीचा तिटकारा होता. एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून त्यांना वाचून दाखविला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीस पात्र नसल्याचे सांगितले आणि तो ग्रंथ नर्मदेच्या पात्रात टाकविला.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठोर परीक्षा अद्याप व्हावयाची होती. कन्या मुक्ताबाईचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. मुलूख निर्भय करणाऱ्या शूर तरुणालाच मुलगी देण्याचे बाईंनी ठरविले होते, अशी कथा या विवाहाविषयी सांगतात. मुक्ताबाईचा मुलगा नथ्याबा हा आजीचा जीव की प्राण होता. मालेरावांच्या मागे त्याच्याकडे पाहूनच त्या आपले दुःख विसरत. परंतु हा नातू तरुण वयातच वारला आणि त्यानंतर वर्षभरात, १७९१ साली, यशवंतरावांनाही मृत्यूने गाठले. मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला.

ज्या प्रसंगातून मल्हाररावांनी अहिल्याबाईंना परत फिरविले होते, तोच प्रसंग आता त्यांच्या मुलीवर आला. ज्या ठिकाणी तेव्हा मल्हारराव उभे होते, त्याच ठिकाणी आता अहिल्याबाई उभ्या होत्या. आपण राज्याच्या स्वामिनी आहोत हे विसरून त्यांनी मुलीपुढे हात जोडले, अश्रू ढाळले. मुक्ताबाई आईवर रागावली नाही. पण तिचा निश्चय ढळला नाही. आई वृद्ध झाली आहे, थोड्याच वर्षांत तीही जाईल, मुलगा व पती आधीच गेले आहेत, मग आपण कोणासाठी जगावे, असे तिचे म्हणणे होते. अहिल्याबाईंपाशी यास उत्तर नव्हते. एके काळी त्यांना सासरे होते आणि पदरात दोन मुले होती. मुक्ताबाईच्या पदरात कोणीच उरले नव्हते. अहिल्याबाई अंत्ययात्रेबरोबर चालत गेल्या. चितेने पेट घेतला, तेव्हा दोघांनी त्यांचे दंड धरून त्यांना सावरले होते. आपल्या राज्यातील कोणाच्याही डोळ्यांतील पाणी पुसणारी ही माता स्वतःच्या मुलीला त्या निर्दय रूढीपासून वाचवू शकली नाही. पुढे १८२९ साली बंगाल इलाख्यात या चालीस कायद्याने बंदी झाली आणि कालांतराने ती सर्वत्र निषिद्ध ठरली. पण तोपर्यंत असंख्य मातांना हे दुःख सोसावे लागले होते.

तीन दिवस अहिल्याबाईंनी अन्नपाणी घेतले नाही. त्या कोणाशी बोललेही नाहीत. त्यानंतर त्या उठल्या. मुलगी व जावई यांच्या स्मरणार्थ त्यांनी महेश्वरी सुंदर छत्री बांधविली आणि पुन्हा दरबारात येऊन बसल्या. आता त्यांना स्वतःचे असे कोणीही राहिले नव्हते. अशा वेळी कित्येकांचे मन जगावर रुसून बसते. आपल्याला जे सुख मिळाले नाही, ते इतरांना मिळालेले त्यांना पाहवत नाही. अहिल्याबाईंच्या मनात हा कडवटपणा शिरला नाही. दारी आलेला याचक पूर्वीप्रमाणेच तृप्त होऊन जात राहिला. पुढे चार वर्षे अशीच सेवेत गेली आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षानंतर, महेश्वरी त्यांची प्राणज्योत मालवली.

अहिल्याबाईंच्या वंशाचा कोणीही त्यांच्या मागे उरला नाही, असे इतिहास सांगतो. पण लोकांनी त्यांना मातुश्री म्हटले, पुण्यश्लोक म्हटले आणि आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. ज्या जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला, तो जिल्हाही आता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दया करण्यासाठी राज्य असावेच लागते, असे नाही. उन्हात उभ्या असलेल्या जनावरापुढे पाण्याचे भांडे ठेवणे, अंगणात पाखरांसाठी मूठभर दाणे टाकणे, एवढे तर कोणालाही करता येईल. मात्र ते पाणी आपण वाहून आणलेले असावे आणि ते दाणे आपल्या ताटातले असावेत. अहिल्याबाईंच्या शेतांत दाणे टिपणारी पाखरे आपल्याला हेच सांगत आहेत.